दहाच्या पुढे कोण मोजणार

चाळीच्या जिन्याखाली गॅसचा भरलेला सिलिंडर उभा होता आणि तिसऱ्या मजल्यावर कमलाबाई पुरुषमाणूस शोधत होत्या.

तुमच्या-आमच्या घरचाच हा प्रसंग. सिलिंडरवाला सिलिंडर खाली टेकवून पसार होतो आणि मग कोणत्या खोलीत कोण पुरुष घरी आहे, याची चौकशी सुरू होते. डिलाईल रोडच्या त्या चाळीत शनिवारी दुपारी एकूण दोन पुरुष हजर होते. पहिल्या मजल्यावरचे बाबुराव, वय वर्षं पंच्याहत्तर. आणि समोरच्या खोलीतला शिवा, ज्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. कमलाबाईंनी शिवालाही हाक मारून पाहिली. एका हाताचा का होईना, पुरुष तो पुरुष.

शिवा चप्पल घालेपर्यंत कमलाबाईंची मुलगी प्रिती कामावरून आली. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सकाळच्या पाळीला रक्त काढायला असायची. तिने सिलिंडर पाहिला, पर्स गळ्यात अडकवली, गुडघ्यात वाकून तो छातीशी धरला, मग खांद्यावर घेतला आणि चालू लागली.

"खाली ठेव. प्रिती, खाली ठेव म्हणते ना." कमलाबाई कठड्यावरून ओरडल्या.

"दुसरा मजला संपला आई. आता खाली ठेवायला परत खाली जाऊ?"

सिलिंडर ओट्याखाली गेला. प्रितीला धाप लागली नव्हती, पण कमलाबाईंना लागली होती.

"अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीस. लग्न व्हायचंय तुझं. उद्या पोटातलं काही सरकलं म्हणजे?"

"तू एकतीस वर्षं हॉस्पिटलात आया होतीस. माणसंच्या माणसं उचललीस. तुझं काय सरकलं?"

"कंबर," कमलाबाई म्हणाल्या.

कमलाबाई आजही कमरेला पट्टा बांधल्याशिवाय भांडी घासायला बसत नसत. आपलं झालं ते पोरीचं होऊ नये, एवढंच त्या माउलीचं म्हणणं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या म्हणण्याला त्या "बाईच्या जातीला झेपत नाही" असं रूप द्यायच्या, तिथे मायलेकींचं बिनसायचं.

आणि त्या दिवशी बिनसायला आणखी एक कारण होतं. टीव्हीवर, पाकिटाखाली दाबून, एक अर्ज ठेवलेला होता. जिल्हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धेचा. बाकी सगळे रकाने भरले होते, एक सोडून: 'डेडलिफ्टमध्ये उचललेले सर्वाधिक वजन, संस्थेच्या सचिवाने प्रमाणित केलेले.' प्रितीच्या वजनगटाला किमान नव्वद किलो हवे होते. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. आणि प्रितीच्या नावावर त्रेपन्न किलो लागले होते.

हे त्रेपन्न किलो कुठून आले, ते सांगितलं पाहिजे.

चाळीच्या मागच्या अंगाला गिरणी कामगारांनी वर्गणी काढून बांधलेली व्यायामशाळा होती. आत शिरताना समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि डाव्या हाताला एक भलामोठा काळा फळा. दर वर्षी वर्धापनदिनाला तिथे डेडलिफ्टची चाचणी व्हायची, म्हणजे जमिनीवरचा रॉड वाकून उचलायचा आणि सरळ उभं राहायचं. प्रत्येकाला तीन प्रयत्न. जमलेलं वजन फळ्यावर लिहायचं, न जमलेल्या वजनापुढे फुली मारायची. सुशांत नावाच्या तगड्या पोराच्या ओळीत होतं: एकशे चाळीस, एकशे पन्नास, एकशे साठ फुली. त्या फुलीचाही सुशांतला केवढा अभिमान! येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती आधी दाखवायचा.

बायकांची बॅच दुपारी दोन ते चार. तेव्हा वजनाच्या मोठ्या लोखंडी प्लेटा साखळीने बांधून कुलूपबंद असत आणि किल्ली सचिव बुद्धभूषण यांच्या खिशात असे. उरलेलं सगळं लोखंड रॉडला चढवलं तरी साठ किलोच्या पुढे काटा जात नव्हता. वर्धापनदिनाला बायकांची चाचणीही व्हायची, पण तिची रीत वेगळी. चाळीस किलोचा रॉड उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा. दहा वेळा झालं की वस्ताद बाबुराव म्हणायचे, "दहा, बस." मग कागदावर हिशोब. वजनाला रेप्सनी, म्हणजे जितक्या वेळा उचललं त्या आकड्याने, गुणायचं, तिसाने भागायचं, येईल ते मूळ वजनात मिळवायचं. चाळीस दाहे चारशे, भागिले तीस तेरा, अधिक चाळीस, म्हणजे त्रेपन्न. ही तुमची एका वेळची कमाल ताकद, बाई, घरी जा.

आता गंमत बघा. दहा रेप्स कुणाला जमत नाहीत? बॅचमधल्या अनुजाला जमत, तिच्या जोडीच्या पूर्वीला जमत, दोन मुलांच्या आईला जमत, नुकत्याच बॅचला आलेल्या कॉलेजच्या पोरीलाही जमत. त्यामुळे फळ्यावर बायकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. त्रेपन्न, त्रेपन्न, त्रेपन्न. चौदा बायका आणि एक आकडा. फुली मात्र एकही नाही. हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं, हेच खरं विचित्र.

प्रिती शनिवारी संध्याकाळी अर्ज घेऊन बुद्धभूषणकडे गेली. बुद्धभूषण माणूस वाईट नव्हता. बँकेत नोकरी, चाळीत मान, चौदा एप्रिलला समतेवर वीस मिनिटं कागद न बघता बोलणारा.

"भूषणदादा, उद्या मला खरं मॅक्स करू द्या. तीन प्रयत्न, पोरांसारखे. जमलं तर सही करा, नाही जमलं तर फुली मारा."

"अगं, गरज काय? हिशोबाने कळतंय ना किती ते. शास्त्रीय सूत्र आहे. आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"सुशांतचं काही झालं तर कोणाची असते?"

"सुशांतची गोष्ट वेगळी."

"कशी?"

बुद्धभूषणने चष्मा पुसला. "हे बघ, मी विरोधात नाहीये. पण इतकी वर्षं एक पद्धत चाललीय. बायकांना आपण जागा दिली, वेळ दिला, फळ्यावर नाव दिलं. अजून किती?"

"अंगात आहे तेवढं," प्रिती म्हणाली आणि अर्जाची घडी घालून परत आली.

रविवारी, वर्धापनदिनाच्या सकाळी, व्यायामशाळा गच्च भरली होती. आधी पुरुष झाले. सुशांतने या वर्षी एकशे साठ उचलले, शिट्ट्या झाल्या, एकशे सत्तरला फुली खाल्ली, पुन्हा शिट्ट्या झाल्या. मग मोठ्या प्लेटा भिंतीला गेल्या, साखळी लागली, कुलूप लागलं. अर्धे प्रेक्षक चहाला बाहेर पडले, कारण आता बघण्यासारखं काही नव्हतं.

अनुजा झाली. दहा, बस. पूर्वी झाली. दहा, बस. प्रितीने हाताला खडूची भुकटी चोळली आणि रॉड धरला.

बाबुराव स्टुलावर बसून मोजत होते. गिरणीत त्यांनी साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, व्यायामशाळेत तीन पिढ्या घडवल्या. आवाज अजून खणखणीत. "सात. आठ. नऊ. दहा, बस."

प्रितीने रॉड टेकवला आणि परत उचलला.

"बस म्हटलं ना, पोरी. झाले दहा."

तिने परत उचलला. चहाला निघालेले दोघंतिघं दारात थबकले. कुणी मोजत नव्हतं, पण लोखंड जमिनीला लागल्याचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. मग कोपऱ्यातून अनुजाचा आवाज आला, आधी दबका, "पंधरा." पूर्वीने तिला साथ दिली. "सोळा. सतरा." विसाला दुपारच्या बॅचच्या सगळ्या बायका मोजत होत्या.

"प्रिती, हा काय तमाशा आहे?" बुद्धभूषण पुढे आला. "शिस्त आहे की नाही काही?"

प्रितीने पंचविसाव्याला रॉड खाली ठेवला. घाम गळत होता, पण आवाज शांत होता. "दादा, करा हिशोब. दहाला त्रेपन्न आले. पंचवीसला किती येतात?"

"दहाच्या पुढे ते सूत्र लागू होत नाही. आकडा फसवा येतो."

"मग जे सूत्र मला लागू होत नाही, त्याच्यावर माझी ताकद का लिहिता?"

नेमक्या याच वेळी कमलाबाई दारात आल्या. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत ओले बोंबील. मासळीवालीकडेच त्यांच्या कानावर आलं होतं की पोरगी व्यायामशाळेत सगळ्यांसमोर हट्टाला पेटली आहे. त्या तिला हाताला धरून घरी न्यायला आल्या होत्या.

"बरं झालं मावशी आलात," बुद्धभूषण म्हणाला. "घेऊन जा हिला. तुम्हीच समजवा. बाईमाणसाच्या अंगाला हे झेपत नाही. काही मर्यादा असते ना."

हेच वाक्य बोलायला कमलाबाई घरून निघाल्या होत्या. शब्दन्‌शब्द हेच. पण ते बुद्धभूषणच्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्या पायाखाली काहीतरी हललं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जमिनीवरच्या रॉडकडे पाहिलं, फळ्यावरच्या त्रेपन्नच्या रांगेकडे पाहिलं. मग पिशवी बाकावर ठेवली.

"भूषण, तुझे वडील लकव्याने पडले होते, आठवतंय?"

"मावशी, तो विषय आत्ता..."

"आत्ताच. सात महिने पडून होते. तू सकाळी आठला बँकेत जायचास, तुझ्या आईला ते हलायचे नाहीत. ड्युटीवरून आले की मी यायचे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत पलंगावर. दिवसातून चार वेळा. केवढे होते तुझे वडील?"

बुद्धभूषण खाली बघत होता. "ऐंशीच्या वर होते."

"आणि मी पन्नासची. त्याच्या आधी वॉर्डात किती जणांना उचललेलं असायचं, ते वेगळंच. तेव्हा मला कुणी म्हटलं नाही, कमला, दहा झाले, बस. तेव्हा कुणी म्हटलं नाही, बाईमाणसाला झेपत नाही. काम असलं की झेपतं, आणि फळ्यावर लिहायची वेळ आली की झेपत नाही. असं कसं रे?"

कमलाबाई आता लेकीकडे वळल्या.

"माझी कंबर गेली म्हणून मी तुला अडवत होते. पण माझी कंबर उचलल्याने नाही गेली ग. कसं उचलायचं ते कुणी शिकवलं नाही, किती झालं ते कुणी मोजलं नाही, म्हणून गेली. तू तर शिकून उचलतेस. काल जिन्यात बघितलं मी, गुडघ्यातून उठलीस. मी आयुष्यभर कमरेतून उठले."

बाबुराव स्टुलावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. ते फळ्याशी गेले आणि त्रेपन्नच्या रांगेवरून बोट फिरवत खालपर्यंत आले. ते बोट खडूने पांढरं झालं.

"भूषण, हा नियम मी केला," ते म्हणाले. "मासिकातून उतरवून घेतला होता. पण मी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? दहा झाले तर थांबा आणि वजन वाढवा. दहा जमले म्हणजे वजन हलकं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पोरांच्या बाबतीत आपण वजन वाढवलं. बायकांच्या बाबतीत थांबलो आणि त्यांना घरी पाठवलं. अर्धा नियम पाळला आणि अर्धा गिळला. बस म्हणणारा मीच होतो. चौदा बायकांचा एकच आकडा येतोय, हे माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसू नये?"

"वस्ताद, तुमचा हेतू वाईट नव्हता," बुद्धभूषण पुटपुटला.

"ज्यांनी आपल्या लोकांना हजारो वर्षं विहिरीपासून लांब उभं केलं, तेही आपला हेतू चांगलाच आहे म्हणायचे. ज्याने मोजायचं तोच जर ठरवायला लागला की समोरच्यात किती आहे, तर ते मोजमाप नाही, पोरा, ते कुंपण आहे. किल्ली दे."

बुद्धभूषणने फळ्याकडे पाहिलं. मग त्याने किल्ली काढली. पण बाबुरावांच्या हातात दिली नाही. तो स्वतः भिंतीशी गेला, वाकला आणि त्याने कुलूप उघडलं. साखळी खळकन खाली पडली.

ऐंशी किलो लावले. प्रितीने ते असे उचलले की सुशांतने शेजाऱ्याला कोपर मारलं. नव्वद लावले. या वेळी रॉड जमिनीवरून सुटायला थोडा अडला, तिचे दंड थरथरले, मान ताठ झाली. मग गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले आणि ती उभी राहिली. बाबुरावांनी 'ठेव'ची खूण म्हणून हात खाली केला तेव्हाच तिने रॉड टेकवला. शिट्ट्या बायकांनी वाजवल्या. कमलाबाईंना वाजवता येत नव्हती, त्या बाकावर थाप मारत होत्या.

बुद्धभूषणने खिशातून पेन काढलं. "झालं. नव्वदच हवे होते ना? आण अर्ज, सही करतो. आता तिसरा प्रयत्न राहू दे. उगाच कशाला?"

त्याचा सूर आता खरोखरच काळजीचा होता, आणि म्हणूनच प्रितीला हसू आलं.

"दादा, नव्वद हा अर्जाचा आकडा आहे. माझा कुठला, ते मला अजून माहीत नाही. शंभर लावा."

शंभर लागले. सुशांतने स्वतः येऊन प्लेटा घट्ट केल्या. प्रितीने श्वास भरला आणि खेचलं. रॉड सुटला. नडगीवरून वर आला, गुडघ्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. ती खेचत राहिली. चेहरा लाल झाला, टाचा जमिनीत रुतल्यासारख्या झाल्या, पण रॉड गुडघ्याच्या वर गेला नाही. तिने तो सांभाळून खाली ठेवला.

कुणीतरी "च्च" केलं. कमलाबाई अर्ध्या उठल्या होत्या. आणि प्रिती दोन्ही हात कमरेवर ठेवून, धापा टाकत, चक्क हसत होती.

"आता कळलं," ती म्हणाली. "नव्वद आणि शंभरच्या मध्ये कुठेतरी आहे मी. वस्ताद, लिहा. तिन्ही लिहा. फुलीसकट."

बाबुरावांनी आधी ओल्या फडक्याने बायकांचा सगळा रकाना पुसला. चौदा नावं राहिली, चौदा त्रेपन्न गेले. मग प्रितीच्या नावापुढे त्यांनी सावकाश लिहिलं: ऐंशी, नव्वद, शंभर आणि त्यापुढे एक मोठी फुली. त्या फळ्यावर बाईच्या नावापुढची ती पहिली फुली होती. बाकीच्या तेरा जागा रिकाम्या होत्या, आणि अनुजा हाताला खडू चोळत रांगेत येऊन उभी राहिली होती.

बुद्धभूषणने अर्जावर सही केली. शिक्का मारला. मग साखळी आणि कुलूप उचलून त्याने बाकाखालच्या भंगाराच्या खोक्यात टाकलं. "दुपारी पण उघडंच राहील," तो म्हणाला. "आणि मावशी, बाबांचं... मी कधी तुम्हाला..."

"राहू दे रे. बोंबील आणलेत, जेवायला ये."

नागरिकहो, या गोष्टीत कुणी खलनायक नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सगळे भलेच लोक होते. भल्या लोकांनीच काळजीपोटी एक कुलूप घातलं होतं आणि भल्या आईनेच त्याची किल्ली शोधायची नाही असं लेकीला सांगितलं होतं. माणसाची कमाल कळायची तर त्याला तिच्या पलीकडे हात घालू द्यावा लागतो. तिथे तो हरतो, आणि त्या हरण्यातूनच त्याचा खरा आकडा निघतो. आपण मुलींना जिंकू देतो म्हणून फुशारक्या मारतो. त्यांना हरू द्यायचं मात्र आपण अजून शिकलेलो नाही. आणि जी माणसं जन्मभर उचलतच आली, घरात, वॉर्डात, जिन्यात, त्यांचे रेप्स आपण कधी मोजलेच नाहीत. तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत असा एखादा त्रेपन्नचा रकाना असेल तर आजच फडकं ओलं करा.

त्या दिवशी व्यायामशाळेत सगळ्यात शेवटी एक गोष्ट घडली. सगळे पांगायला लागले होते. प्लेटा काढून ठेवलेला, नुसता वीस किलोचा रॉड जमिनीवर पडला होता. कमलाबाई त्याच्याजवळ गेल्या.

"हे कसं धरायचं ग?"

प्रितीने आईच्या मागे उभं राहून दाखवलं. पाय इतके लांब, पाठ सरळ, नजर समोर, गुडघ्यातून उठायचं. कमलाबाईंनी पदर खोचला, कमरेचा पट्टा चाचपला आणि रॉड उचलला. ठेवला. परत उचलला. बाबुराव जायला निघाले होते, ते वळले आणि स्टुलावर येऊन बसले. सवयीने मोजू लागले.

"आठ. नऊ. दहा."

सगळ्या व्यायामशाळेने बाबुरावांकडे पाहिलं. कमलाबाई थांबल्या नव्हत्या. म्हाताऱ्याने घसा साफ केला.

"अकरा," बाबुराव म्हणाले.